बाळ ‘गुणाचं’ झालंय? आधी दूध पितंय का ते बघा

मी मोठ्यांचा डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ नाही. पण हिंगोलीत बी.पी.ची आजी तपासायला आली की सोबत एखादं तान्हं बाळ येतंच.

काही वर्षांपूर्वी सेनगाव भागातल्या एक आजी अशाच आल्या. सोबत बाळंतीण लेक आणि तिच्या मांडीवर नऊ दिवसांचा नातू. बी.पी. मोजताना मी सहज विचारलं, “बाळ काय म्हणतंय?” आजी कौतुकानं म्हणाल्या, “लई गुणाचं हाय साहेब. दोन दिवस झाले, रडतच नाही. नुसतं झोपून राहतं.”

मी पट्टा सोडला. “दूध पितंय का?” लेक हळूच म्हणाली, “तोंडात देते, पण ओढत नाही.”

बाळाचं पोट गार लागत होतं. हात उचलून सोडला तर तो लुळा पडला. ताप नव्हता, म्हणून घरात कुणाला काळजी वाटली नव्हती. बाळाला आईच्या छातीशी लावून, वरून शाल गुंडाळून तसंच नवजात शिशु कक्षात पाठवलं. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. बारा दिवसांनी बाळ घरी गेलं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक घराला सांगतो: रडणाऱ्या बाळाला घेऊन तुम्ही धावत येता, पण गप्प झालेल्या बाळाला घेऊन जास्त धावा. मोठ्यांना जंतुसंसर्गात बहुधा ताप येतो. नवजात बाळाचं अंग अनेकदा उलट गार पडतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूतांना हेच ओळखायला शिकवलं: आधी नीट रडणारं, ओढणारं बाळ मंद झालं का? तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा भेटायला येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्या आल्या की “बाळ झोपलंय” म्हणून परत पाठवू नका.

या गोष्टींना घाबरू नका:
- उचकी, शिंका, पाजल्यावर थोडं दूध बाहेर येणं
- अंगाची साल निघणं
- दिवसातून अनेकदा पातळ पिवळी शी, पण बाळ छान पितंय
- छातीला सूज (पिळू नका), किंवा मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून किंचित रक्त

यापैकी एक जरी दिसलं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा:
- दूध ओढणं कमी किंवा बंद, रडणं मंद
- अंग गार, तापलेलं किंवा लुळं
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं
- झटके, फुगलेलं पोट, हिरवी उलटी
- पहिल्या २४ तासांतच कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे
- बेंबीतून पू, भोवती लाली

वाटेत गुटी, मध, पाणी काही देऊ नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात.

ते बाळ आता शाळेत जातं. आजीसोबत येतं तेव्हा सुईला घाबरून सगळा दवाखाना डोक्यावर घेतं. मला तो आवाज फार आवडतो.