लाल बेचाळीस, निळा बेचाळीस

फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर उतरलो तेव्हा रविवारची संध्याकाळ कलली होती. मी आणि माझी त्र्याहत्तर वर्षांची मावशी. मुक्कामाचा पत्ता हातात होता : रस्त्याचं नाव आणि ४२ हा आकडा. ४२ सापडला, पण तिथे चामड्याच्या पिशव्यांचं दुकान. शेजारच्या ४४ मध्ये चष्मे. मावशी बॅगेवरच टेकली.

"अगं, त्या पुस्तकात बघ की जरा!"

पुस्तकात होतं. फ्लोरेन्समध्ये दुकानं आणि खानावळींना लाल आकडे, राहत्या घरांना निळे किंवा काळे, आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन ४२ सहज निघतात. पत्त्यात आकड्यापुढे 'आर' असेल तर तो लाल, म्हणजे 'रोस्सो'. आमच्या पत्त्यात 'आर' नव्हता. निळा ४२ थोडं पुढे, एका जड लाकडी दाराशेजारी मिळाला.

परदेशात मार्गदर्शक पुस्तकाची किंमत मला त्या दारात कळली. शहर सुंदर आहे हे डोळ्यांना दिसतंच. दिसत नाही ती तिथली रीत, आणि ती कुणीतरी आधी सांगून ठेवावी लागते. उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं. प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट काढलं की काम संपत नाही. गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड. अशा दोन ओळींनी आमचा एक दिवस आणि बरेच युरो वाचवले.

सोमवारी सकाळी आम्ही कथेड्रलसमोर उभ्या होतो. ब्रुनेलेस्कीने बांधलेला आणि १४३६ मध्ये पूर्ण झालेला तो प्रचंड विटांचा घुमट पाहून मावशीचे हात आपोआप जोडले गेले. वर जायचं का? पुस्तकात एवढंच होतं : ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी राखून ठेवावी लागते. मावशीने गुडघ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपण खालूनच बघू." निर्णय तिचा होता, आणि तो वर चढून दमल्यावर नव्हे, पायथ्याशीच घेता आला.

हे आकडे मोजण्याची परंपरा जुनी आहे. जर्मनीतल्या कोब्लेन्झचे प्रकाशक कार्ल बेडेकर यांनी १८३५ मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या प्रवासाचं पुस्तक सुधारून काढलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉन मरे यांचं युरोपखंडाचं पुस्तक आलं. प्रवाशाला भाडोत्री वाटाड्यावर अवलंबून राहावं लागू नये, ही बेडेकरांची तळमळ होती. त्यांचा एक किस्सा सांगतात. मिलानच्या कथेड्रलवर चढताना ते दर वीस पायऱ्यांनंतर एका खिशातला वाटाण्याचा दाणा दुसऱ्या खिशात टाकत. उतरताना पुन्हा तीच मोजणी, ताळा पटावा म्हणून. गुडघे दुखणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी घेतलेली ती मेहनत मला फार मोलाची वाटते.

पण प्रत्येक पुस्तक कुणासाठी तरी लिहिलेलं असतं. दुपारी आम्ही 'रिबोल्लिता' मागवलं : शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांचा कोबी घालून शिजवलेलं दाट सूप. इथल्या तोस्काना प्रांतातला पाव अळणी असतो हे पुस्तकात होतं. सुपात मांसाचं पाणी घातलंय का, हे विचारून घ्या असंही होतं. मात्र वर किसून घालतात ते पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, याचा उल्लेख नव्हता. ते मला ठाऊक होतं म्हणून मी वाढप्याला हाताने थांबवलं. मराठी घरातल्या शाकाहारी माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकात ही ओळ पहिल्या पानावर हवी.

जेवून सांता क्रोचेला गेलो. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०८ च्या कादंबरीतली ल्यूसी याच चर्चमध्ये बेडेकरविना येऊन पोचते आणि कुठली कबर महत्त्वाची हे न कळून गोंधळते. आमच्या हाती पुस्तक होतं. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेली, रोसिनी, एकेक कबर सापडत गेली. दांतेचं भव्य स्मारक मात्र रिकामं. तो रावेन्नात पुरला आहे, हेही पुस्तकानेच सांगितलं.

परतताना सान रेमिज्यो गल्लीच्या कोपऱ्यावर मावशी थबकली. भिंतीवर आमच्या डोक्यांच्या खूप वर पुराच्या खुणेच्या दोन पाट्या होत्या : एक १३३३ ची, दुसरी ४ नोव्हेंबर १९६६ ची. आर्नो नदीचं पाणी तिथवर चढलं होतं. मी पुस्तक उघडून ती गल्ली शोधू लागले.

"राहू दे ते," मावशी म्हणाली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती पुण्याच्या नारायण पेठेत राहत होती, अकरा वर्षांची. टाचा उंचावून तिने भिंतीवर जमेल तितका वर हात नेला. "आमच्या वाड्यात एवढं आलं होतं," ती म्हणाली, आणि मग तिथेच उभी राहून ती सांगत गेली. मुठेचं गढूळ पाणी, गच्चीवर काढलेले तास, चिखलातून वर काढलेला आजीचा देव्हारा.

पुस्तक मी पर्समध्ये ठेवून दिलं होतं.