काळी पूड

वंगण म्हणजे घासणं थांबवणारी चीज, असं मी धरून चाललो होतो. धाराशिवकडच्या आमच्या वस्तीत बैलगाडीच्या आसाला एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची काजळी लावायचे. त्यात वाळू गेली की आस खाल्लाच. म्हातारे उगाच नळकं झाकून ठेवत नव्हते.

पुढं सूतगिरणीत रिंग खात्यात लागलो. रिंगवर ट्रॅव्हलर नावाची बारीक कडी पळते, सेकंदाला 30 मीटर, कधी जास्तच. तिथं तेल घालत नाहीत, सुताला डाग पडतो. मग वंगण कशाचं? कापसाचंच. तंतू चेंगरतो, त्याचा भुगा नि मेण रिंगवर बसतं, त्या थरावर कडी घसरते. कापूसही स्वतः चिरडून घेतो तेव्हा यंत्र चालतं! आणि चमक मारलेला पॉलिस्टर आला, की त्यातली टिटॅनियम डायऑक्साइडची पूड तीच रिंग खरवडते.

पण माझं भांडण वेगळ्या जागेचं. रिंग-रेल ज्या उभ्या दांड्यांवर वरखाली होते, तिथं तेलावर कापसाची उड बसून चिखल होतो. जॉबरनं डबा दिला. ‘ग्राफाइट हाय, कोरडंच मार.’ मारलं. महिन्याभरात दांड्यांवर उभे ओरखडे, बुश सैल. मास्तर आले. ‘कुणाचा हात लागला?’

माझाच. दोन दिवसांचा पगार कापला. ‘हात लागला’ हे शब्द माझ्या आज्ज्यानं पाणवठ्यावर ऐकलेले. मी ते गिळू कसे?

शोधून वाचलं. ग्राफाइट म्हणजे पापुद्र्यावर पापुद्रा. हवेतली ओल मिळाली की ते एकमेकांवरून सरकतात. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांतले कार्बनचे ब्रश भराभर झिजून भुगा व्हायचे, कारण वर ओल नव्हती. आमच्या खात्यात तर ओल मुद्दाम फवारतात. म्हणजे कारण दुसरं. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ग्राफाइट 1 ते 2, काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी 7. खाणीतून ग्राफाइटसोबत गारगोटीचे कण येतात. नीट धुतलं नाही की डब्यात तेच.

काचेचे दोन कोरे तुकडे घेतले. मध्ये पूड टाकून घासले, धुतले, ट्यूबलाइटसमोर धरले. ओरखडेच ओरखडे. निव्वळ ग्राफाइटची काच ओरबाडायची टाप नाही.

मास्तर म्हणाले, ‘आधीचे असतील.’ मी तिसरी काच काढली. त्यांच्यासमोर अर्धीच घासली.

ते काही बोलले नाहीत. आठवड्यानं डबा बदलला, गुपचूप. पगार काही आला नाही. जुना डबा माझ्याकडंच आहे, अर्ध्या काचेसकट. बघायचा असेल त्यानं पाळी सुटताना गेटावर यावं.