बसलेला बोर्ड

करंजाड्यात राहायला आलो, त्या पहिल्याच जुलैत आमचा कॅरम बोर्ड बसला. मोडला नाही, सोंगट्या पळेनाशा झाल्या. राणी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबायची. आम्ही खेळतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गाढी नदी जवळ, खाडीही लांब नाही. पावसाळ्यात इथे तळलेला पापड बघता बघता मऊ पडतो, तिथे प्लायवूडचं काय!

"काका, पावडर टाका अजून," हा पोरांचा एकच उपाय. चाळीस वर्षं या खेळात बोटं झिजवली, म्हणून सांगतो, जास्त झालेली पावडरच ब्रेक लावते. बोरिक पावडरीचे स्फटिक पापुद्र्या-पापुद्र्यांचे, एकमेकांवरून सरकणारे, चिमूटभर पुरते. ढीग टाकला की सोंगटी तो ढकलत बसते, आणि दमट पॉलिशवर तर गुठळ्याच. (टाल्कम टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.)

जड स्ट्रायकर लांब जातो, हाही एक समज. वजन वाढलं की घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. सारख्या वेगाने सुटलेले, सारख्याच गुळगुळीत तळाचे दोन स्ट्रायकर साधारण एकाच अंतरावर थांबतात. वजनाचा फायदा टकरीत: त्याचे 15 ग्रॅम, सोंगटीचे जेमतेम साडेपाच.

खरा गुन्हेगार मला उशिरा सापडला, तो डोक्यावरच होता. पूर्वी बोर्डावर शेडमध्ये पिवळा बल्ब लटकायचा. लावलेला उजेडासाठी, पण खालचं लाकूड तोच शेकून काढायचा. वीज वाचवायला आम्ही एलईडी लावला. उजेड वाढला, ऊब गेली.

आता शोधून आणलेला शंभर वॉटचा बल्ब खेळाआधी तासभर जळतो. जुनी पावडर कोरड्या सुती फडक्याने पुसायची, नवी पुरचुंडीतून झटकायची. ओलं फडकं कधीच नाही.

कॅरमच्या नियमांत बोर्डाची एक परीक्षा आहे. बेसलाइनच्या मध्यावरून 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने समोरच्या फ्रेमवर मारला, तर त्याच्या निदान साडेतीन फेऱ्या व्हायला हव्यात. त्या जुलैत दोन होत नव्हत्या. परवा रविवारी, बाहेर धो धो कोसळत असताना मोजल्या. तीन पूर्ण झाल्या, चौथीत स्ट्रायकर मधल्या वर्तुळापलीकडे जाऊन थांबला.