आमच्या घरची तिमाही

शाळेत तिमाही परीक्षा असतात, तशी आमच्या घरीही एक तिमाही असते. सौ.ना २०१६ साली क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा सावकाश वाढणारा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तेव्हापासून रोज इमॅटिनिबची गोळी आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, असा आमचा क्रम आहे. पालकवर्ग व विश्वस्त मंडळी आपुलकीने विचारतात, "रिपोर्ट कसा आला?" एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून हे चार शब्द.

आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, या आजारात रक्तपेशींतील ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. हे बदललेले छोटे गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना दिसले. ही अदलाबदल आहे, हे १९७३ साली जेनेट राऊली यांनी दाखविले. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचे सदोष जनुक तयार होते. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब त्याच्याच प्रथिनाला आवर घालते. आमची तिमाही म्हणजे या जनुकाची रक्तातील मोजणी.

आम्हा दोघांचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. इंग्रजी रिपोर्ट शब्दकोश घेऊन वाचला, पण आकड्यांचा अर्थ डॉक्टरांकडूनच कळला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर उपचारापूर्वीची प्रमाण पातळी १०० टक्के धरतात. ०.१ टक्का म्हणजे त्याच्या हजारावा भाग. तेवढे किंवा त्याहून कमी आले की उपचार चांगला लागू पडला असे मानतात. साध्या रक्तगणनेत पांढऱ्या पेशी ठीक दिसल्या तरी ही मोजणी वेगळी करावीच लागते.

काही वर्षे आमचे आकडे ०.०२, ०.०५, ०.०३ असे खाली-वर होत राहिले. इतक्या सूक्ष्म मोजणीत दुपटी-तिपटीचा फरक केवळ तपासणीमुळेही पडू शकतो. नमुना उशिरा पोहोचला किंवा प्रयोगशाळा बदलली तरी आकडा हलतो. म्हणून आम्ही एकाच प्रयोगशाळेत जातो आणि सर्व निकाल तारखांसह एका वहीत उतरवितो. वही उघडली की एका आकड्याऐवजी सर्व आकड्यांची चाल दिसते.

गेल्या वर्षी मात्र ०.२१ आला. ०.१ ची रेषा ओलांडली गेली होती. घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. एका नातेवाइकांनी गोळी बंद करून काढा सुरू करण्याचा आग्रह धरला. डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले: गोळी चुकली का? दुसरे एखादे औषध किंवा जडीबुटी सुरू केली का? तपासणी त्याच ठिकाणी झाली का? गोळी एकदाही चुकली नव्हती, बाकी काही बदललेले नव्हते. "एका निकालावर औषध बदलायचे नाही, पण दुर्लक्षही करायचे नाही. महिन्याने पुन्हा बघू," असे ते म्हणाले. आकडा वाढतच गेला, विशेषतः १ टक्क्यापुढे गेला, तर जनुकातील बदलाची तपासणी व दुसऱ्या औषधाचा विचार करावा लागतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

तो महिना लांब वाटला. सौ. मात्र रोज रात्री जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर गोळी घेत राहिल्या. पुढचा निकाल ०.०८ आला, त्यानंतरचा ०.११. म्हणजे पूर्ण सुटका नाही आणि संकटही नाही. असे मधले उत्तर स्वीकारणे आम्हाला सर्वांत जड गेले.

ज्यांच्या घरी असा आजार असेल, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: एका आकड्यावर आनंद करू नका, एका आकड्यावर खचू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आमची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. निकाल आमच्या हाती नाही. गोळीची वेळ आहे, ती आम्ही सांभाळतो.