अधिक-उण्याचं बटण

भिगवणजवळच्या कुंभारगावातून हिवाळ्यात पहाटे उजनी जलाशयात नावा सुटतात. त्यांत पक्षी बघायला आलेल्यांच्या बरोबरीने कॅमेरा शिकायला आलेलेही असतात. आमच्या नावेत दुसऱ्या प्रकारचेच जास्त होते: बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कॉलेजात शिकणारी त्यांची पुतणी आणि उसना कॅमेरा गळ्यात अडकवलेला मी.

काकांची डायल 'एम'वर होती. खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच फोटो काढतो, असं त्यांना कुणीतरी ठासून सांगितलेलं. हौशी मंडळींत ही समजूत जितकी घट्ट, तितकीच निरुपयोगी. सूर्य ढगाआड गेला की काका आधी ॲपर्चर, मग शटर, मग आयएसओ बदलत बसायचे, आणि तोवर रोहित पक्ष्यांचा थवा पार पलीकडे. नावाडी शेवटी म्हणालाच, "काका, फोटो आधी काढा, चाकं मागनं फिरवा."

पुतणीची डायल 'ए'वर होती, म्हणजे ॲपर्चर तिचं आणि शटरचा हिशेब कॅमेऱ्याचा. तरी तिचा बगळा बिघडत होता. काळसर पाण्यावर नुसता पांढरा डाग, पिसं दिसतच नव्हती.

कारण कॅमेऱ्याचं मीटर भाबडं असतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं, असं ते धरून चालतं. चौकटभर काळं पाणी दिसलं की त्याला अंधार वाटतो, ते जास्तीचा प्रकाश आत घेतं आणि बगळा जळतो. उलट, पांढुरक्या आकाशात उडणारा पक्षी काळा पडतो. यावर उपाय म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं छोटं बटण. उणे एक केलं की प्रकाश निम्मा, अधिक एक केलं की दुप्पट. पुतणीने उणे एक केलं आणि स्क्रीनवर जळलेल्या भागाची लुकलुक थांबली. पिसं दिसू लागली.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने बनवलेला डिजिटल कॅमेरा एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. आता चूक तिथल्या तिथे दिसते, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

उडत्या पक्ष्याचं गणित मात्र वेगळं. १/२५० सेकंदाला पंख पुसट आले. १/२००० ला ते गोठले, पण प्रकाश आठपट घटला. तो भरून काढायला आयएसओ २०० वरून १६०० वर न्यावा लागला आणि फोटोत दाणे आले. फुकट काहीच मिळत नाही. फोकसही सतत पाठलाग करणारा हवा. निकॉनवर त्याला 'एएफ-सी' म्हणतात, तर कॅननच्या डीएसएलआरवर 'एआय सर्वो'. नाहीतर पाणी स्वच्छ आणि पक्षी धूसर.

परतताना काकांनी डायल 'ए'वर आणली. 'एम'ला स्टुडिओत किंवा रात्रीच्या आकाशासाठी जरूर वापरावं. हलत्या नावेत ती निव्वळ हौस आहे. नवा कॅमेरा घेतला असेल, तर भिगवण गाठण्याआधी घरीच एक करून बघा. ऑटोवर आधी पांढऱ्या चादरीचा आणि मग काळ्या कोटाचा चौकटभर फोटो काढा. दोन्ही जवळपास सारखेच करडे येतील. मग ते बटण शोधा.