पडद्यावरची लढाई आणि खाऊचा डबा

सुट्टीत मुलं खेळाला चिकटली म्हणून ओरडण्याआधी जरा त्यांच्या शेजारी बसून बघा. आमच्या धाकट्याला त्याच्या मामानं एक जुना खेळ लावून दिलाय, 'झॉइड्स'. १९८६ सालचा, ब्रिटनमधल्या मार्टेक कंपनीचा. तेव्हा तो चक्क कॅसेटवर मिळे! ४८ केबीचा संगणक; आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावायचा नाही.

मूळ झॉइड्स म्हणजे जपानच्या टोमी कंपनीची खेळणी. सुटे भाग जोडून यांत्रिक प्राणी तयार करायचा. गोंद नको, रबराच्या टोप्या बसवायच्या. किल्ली दिली की स्वारी चालू लागते. खेळात आपण कोळ्यासारख्या झॉइडमध्ये असतो आणि शत्रूच्या मुलखातून झॉइडझिलाचे सहा तुकडे शोधून आणायचे असतात. नुसतं ठो ठो नाही हं! कुठे लढायचं, कुठे बगल द्यायची, ते ठरवावं लागतं. "आई, थांब गं, विचार करतोय," हे वाक्य गणिताच्या वेळी मी कधी ऐकलं नव्हतं.

पण असा खेळ म्हणजे खेळण्यांची जाहिरातही असतेच. चौथ्या दिवशी चिरंजीवांनी खरा झॉइड मागितला. किंमत ऐकून 'ह्यां'नी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. महिनाअखेर, त्यात शाळेची फी! मी सांगितलं, निम्मे तुझ्या खाऊच्या पैशांतले, निम्मे माझ्या शिकवणीच्या पगारातले, दिवाळीला घेऊ. आता दर रविवारी डबा ओतून मोजणी चालते. भेळेच्या गाडीवरून परवा तो तसाच पुढे गेला, मागे वळून बघत.