न्हाण्याची नवी रीत

डोक्यावरून न्हाणे म्हणजे शिकेकाई खसखसा चोळणे आणि पंचाने डोके खरखरून पुसणे, अशीच आमची जन्मभराची समजूत. पन्नाशी उलटल्यावर आम्ही केशरोपण करून घेतले, तेव्हा ही रीत सोडणे भाग पडले.

डोक्याच्या मागचे केस मुळांसकट पुढे लावले, तरी आपला टिकाऊ गुण सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडले. परंतु ही पुंजी मोजकीच. उपटून गेलेले मूळ पुन्हा मिळत नाही.

पहिले दोन दिवस डोके कोरडे ठेवण्यास आमच्या शस्त्रवैद्यांनी सांगितले. नंतर कोमट पाणी तांब्याने जवळून हळू ओतावयाचे, पातळ शॅम्पूचा फेस बोटांनी नुसता टेकवावयाचा, आणि पाणी न घासता टिपावयाचे. भीतीने धुणेच टाळावे, तर खपल्या जाड होतात, खाज सुटते, आणि झोपेत नख लागते. सुमारे दहा दिवसांत मुळे घट्ट बसतात. तोवर बळ नको, आणि आळसही नको.

पुढे काही आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात. तो धुण्याचा दोष नव्हे. मूळ आत शाबूत राहते आणि तीनचार महिन्यांनी नवा अंकुर येऊ लागतो. भाताची आवणी केलेला शेतकरी रोप रुजले का, हे उपटून पाहत नाही. तेवढा धीर आम्हांस या वयात, तांब्या हाती धरून, शिकावा लागला. घरची मंडळी हसली. पण इतका हलका हात आम्ही आजवर कोणत्याच कामी वापरला नव्हता, हेही खरे.